दसऱ्याला दुकान बंद

संपादकांचा फोन आला तेव्हा मी कणीक भिजवत होते. म्हणाले, "कुमुदताई, तुम्ही इतकी वर्षं नागपुरात बर्डीवर रेकॉर्डच्या दुकानात काढलीत. दिवाळी अंकासाठी आवडत्या रेकॉर्डवर काहीतरी हळुवार लिहून द्या." मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर चिडले. हळुवार का म्हणून? साठच्या दशकात मी त्या काउंटरमागे उभी राहिले आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटींनी दुकान खाल्लं तेव्हाच खाली उतरले. एवढी वर्षं लोकांच्या आवडीनिवडी झेलल्यावर बाईमध्ये काही हळुवार उरतं, असं यांना कोणी सांगितलं? मला जे आठवतं ते लिहिते. छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

माझं काम रेकॉर्ड विकण्याचं, असं लोकांना वाटे. ते अर्धंच खरं. खरं काम ऐकण्याचं होतं. कंपनीचा माणूस दर काही महिन्यांनी मुंबईहून यायचा आणि नव्या रेकॉर्डची एक पेटी ठेवून जायचा. त्यांच्यावर शिक्का असे, 'नमुना प्रत, विक्रीसाठी नाही', आणि कंपनी मागेल तेव्हा त्या परत द्यायच्या असत. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मी त्या एकेक करून वाजवायची, दोन्ही बाजू, शेवटपर्यंत. मग मालकांना सांगायचं की ही भरपूर मागवा, ही थोडी मागवा, हिच्या वाटेला जाऊ नका. गाणं चांगलं आहे का हा एक प्रश्न आणि खपेल का हा दुसरा. दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा उलटी असत, आणि ती दोन्ही मलाच द्यावी लागत.

मालकांना सगळे भैयाजी म्हणत. उंच, गोरे, कधी आवाज न चढवणारे. काउंटरमागे मुलगी उभी आहे हे बघायला लोक फुटपाथवर थांबायचे त्या काळात त्यांनी मला कामावर घेतलं. "बाई असली म्हणजे गिऱ्हाईक शिव्या देत नाही," एवढंच त्यांचं कारण होतं. पण घेतलं, आणि माझ्या कानावर विश्वास ठेवला. त्यामुळे त्यांच्यावर रागावणं मला नेहमी जड गेलं. जड गेलं तरी रागावले, आणि अजून तो राग गेलेला नाही.

आता माझी मतं सांगते. नावं घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळतील.

एका फार मोठ्या गवयाची एलपी आली. नागपूरभर तिची वाट बघणं चाललेलं. वाजवली तर अख्खा राग एका बाजूत कोंबलेला. आलापी सुरू झाली म्हणेपर्यंत तबला आला, तबला आला म्हणेपर्यंत तराणा. मंगलाष्टकं संपायच्या आत पंगत उठवावी तसं. मी भैयाजींना म्हटलं, ही फसवणूक आहे. ते म्हणाले, "कव्हर चांगलं आहे." आणि खरंच, ती सुखवस्तू धरमपेठेत घरोघर गेली. पुढे मी अशा घरांमधून चहाला जायची तेव्हा बघायची. काचेच्या कपाटात ती रेकॉर्ड उभी आणि वरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नाही. न फाडलेलं प्लास्टिक बघितलं की माझं डोकं फिरायचं. तुम्हाला गाणं नको आहे तर नका घेऊ, कपाटात ठेवायला दुसरं काहीही मिळतं.

एक भावगीतांची रेकॉर्ड होती. आवाज असा की कोवळ्या भेंडीसारखा मोडेल. आणि संगीतकारानं त्याच्यावर व्हायोलिनचा असा ढीग घातला की बिचारा गायक त्याखालून 'मी इथे आहे, मी इथे आहे' असं म्हणत असल्यासारखा वाटे. सतार आणि परदेशी वाद्यवृंद एकत्र आणलेली एक एलपी आली होती, तिचं वर्तमानपत्रांनी फार कौतुक केलं. मी तीनदा ऐकली. दारात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत राहावीत आणि शेवटपर्यंत कोणीच आत जाऊ नये, तशी ती होती. जुन्या नाट्यपदांना नवा घुमारा चढवून परत विकणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. विहिरीत पडलेला माणूस गातो आहे असं वाटायचं. पुढे गझलांची लाट आली आणि शब्दाशब्दाला उसासा ऐकून ऐकून मला दम लागायला लागला.

आणि सगळ्यात जास्त काय खपलं? सिनेमातल्या संवादांची रेकॉर्ड. संगीताच्या दुकानात खलनायकाचं हसणं दिवसभर. दुकानाच्या दारावर एक स्पीकर होता, तो रस्त्याच्या बाजूला तोंड करून टांगलेला. त्याच्यावर जे वाजेल ते विकलं जाई, हा आमच्या धंद्याचा साधा नियम. त्या हसण्यानं आमच्या दोन दिवाळ्या चांगल्या गेल्या आणि माझ्या कानांचं वाटोळं झालं.

एक इंग्रजी रेकॉर्ड सांगते, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. लांब केसांच्या चार पोरांची. पहिल्या दिवशी मला ती भांडी आपटल्यासारखी वाटली, पण दिवसभर वाजवल्यावर संध्याकाळी त्यांचा ढोलवाला मला आवडला होता. बाकीचे तिघे नाही. ती आली त्या दिवशी कॉलेजची पोरं दुकानात घुसली, सगळी चांगल्या घरची, इस्त्रीच्या कपड्यातली. ऐकण्यासाठी आमच्याकडे काचेची एक खोली होती. तिच्यात दोघांनी बसायचं तिथे दहाबारा जण नाचले आणि ती काच फुटली. भैयाजी हसले. "तरुण रक्त आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवी काच बसली.

आता मुख्य गोष्ट.

सत्तरच्या दशकात एका उन्हाळ्यात नमुन्यांच्या पेटीत तळाशी एक छोटी रेकॉर्ड निघाली. दोन बाजू, चार गाणी. भीमगीतं होती. गाणारी आमच्याच नागपुरातल्या इंदोरा वस्तीतली, नाव कौसल्याबाई. मी ती शेवटी लावली, कारण कव्हरसुद्धा धड नव्हतं, नुसता तपकिरी कागद. पहिल्या ओळीला माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आवाज खाली, जाडाभरडा, जात्यावर दळताना येतो तसा पोटातून. बाजाची पेटी थोडी चढी लागली होती आणि ढोलक कुठल्या कोपऱ्यात बसवला होता कोण जाणे. कंपनीनं त्या बाईला अर्ध्या दिवसात उरकलं होतं हे स्पष्ट कळत होतं. दुसऱ्या बाजूला शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी आईनं म्हटलेलं एक गाणं होतं. त्यात मागच्या बायकांचा कोरस एका ठिकाणी उशिरा येतो. एकच आवाज मागे राहतो आणि धावत येऊन बाकीच्यांना गाठतो. दुसऱ्या कोणासाठी असतं तर पुन्हा रेकॉर्ड केलं असतं. यांच्यासाठी नाही केलं, आणि म्हणून ती जागा वाचली. माझ्या सगळ्या नोकरीत मी ऐकलेली ती सगळ्यात सुंदर जागा आहे. हे मी शास्त्रीय ऐकणाऱ्यांना सांगितलं की ते हसत. हसू देत.

मी भैयाजींना म्हटलं, "पूर्ण पेटी मागवा."

त्यांनी मूठभर मागवल्या. "गाणं चांगलं आहे, कुमुदबाई. मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे."

"आपलं गिऱ्हाईक म्हणजे कोण?"

"आता हे काय विचारणं झालं?" ते म्हणाले, आणि पुढचं बोलणं त्यांनी अगदी हळू आवाजात संपवलं. "आणि वाजवायची तर आत वाजवा. बाहेरच्या स्पीकरवर नको."

खलनायकाचं हसणं बाहेर चाललं होतं. हे नाही.

काही दिवसांनी एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पायरीच्या वर येईना. मिलच्या रीलिंग खात्यातली पाळी सुटून आलेली, केसांवर कापसाचे तंतू. "माही रेकॉर्ड आली म्हनते इथं," म्हणाली. मी तिला हाताला धरून आत आणलं. तिनं स्वतःचीच रेकॉर्ड अजून ऐकली नव्हती. घरी वाजवायला काही नव्हतं, आणि मुंबईत गाऊन झाल्यावर तिला कोणी ऐकवलंही नव्हतं. काचेच्या खोलीत बसवून मी सुई टेकवली. एक गाणं झालं नाही तोच भैयाजी आले. त्यांनी नुसतं खोलीच्या दाराशी उभे राहून घड्याळाकडे बघितलं. ती उठली.

जाताना तिनं सांगितलं ते असं. "मुंबईचे साहेब म्हनले, ही खपली तं मोठी काढू. आठ गाणे आहेत माह्याजवळ, बाई. बसवून ठेवले आहेत सारे. आमच्या शेवंतानं आन् मी."

म्हणजे तिची मोठी रेकॉर्ड आमच्या दुकानाच्या खपावर अवलंबून होती. विदर्भाचा सगळा माल आमच्याकडूनच जायचा. आमच्याकडे खपली तर खपली.

मला भीती वाटत होती ती उगाच नव्हती. पुढे दसरा होता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर किती माणूस येतं ते नागपूरकरांना सांगायला नको. गावागावाहून, रेल्वेनं, ट्रकनं, पायी. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. स्टेशनकडून येणारा लोंढा आमच्या दारावरून जायचा. आणि ही माणसं काय विकत घेतात? पुस्तकं, फोटो आणि गाणी. ज्या गावात पंचायतीचा एक रेकॉर्ड प्लेयर असेल त्या गावाचा माणूस वर्षभराची गाणी त्या एका दिवशी घेऊन जातो. आमच्यासारख्या दुकानाला याहून मोठा दिवस वर्षात नव्हता. आणि त्याच दिवशी आमचं दुकान बंद असायचं. दरवर्षी. सकाळी यंत्रांची पूजा, झेंडूचं तोरण, आणि शटर खाली.

"गर्दीत काचा फुटतात," भैयाजी म्हणायचे.

गणपतीत त्याहून जास्त धक्काबुक्की असायची, तेव्हा आम्ही उशिरापर्यंत उघडे. काच आमच्याकडे एकदाच फुटली होती, आणि ती कोणी फोडली हे मी वर लिहिलं आहे. मी हे त्यांच्या तोंडावर बोलले. ते म्हणाले, "कुमुदबाई, काहून वाद घालून राहिल्या? सणाचा दिवस आहे, घरी पुरणपोळी करा." आणि किल्ली खिशात टाकून गोंदियाला बहिणीकडे गेले.

मला घरी बसवेना. दुपारी मी बर्डीवर गेले. आमच्या बंद शटरसमोर माणसं उभी होती. आदल्या संध्याकाळी कौसल्याबाई एका मंडपात गायली होती आणि तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, माझी रेकॉर्ड बर्डीवर मिळते. दुकानाच्या पाटीची खूणसुद्धा दिली होती. ती स्वतः शटरला टेकून उभी होती. "उघडते आता, उघडते," म्हणत होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की आम्ही बंद असतो. सांगणार कोण? आधीच्या वर्षांमध्ये तिला आमच्या दुकानाशी काही काम पडलं नव्हतं.

यवतमाळकडचा एक म्हातारा तिला म्हणाला, "काहून वं बाई, रेकॉर्ड खरंच निंगाली का? का अशीच सांगतं?"

तिनं पदर सारखा केला आणि शटरकडे बघत राहिली. मी पुढे होऊन म्हटलं की निघाली आहे, मी ऐकली आहे, आत आहे. म्हातारा मला म्हणाला, "मंग काढून दे ना, माय." किल्ली गोंदियाला होती. थोड्या वेळानं माणसं पांगली.

दिवाळीनंतर कंपनीचा माणूस आला. मूठभरातल्या बऱ्याचशा तशाच पडलेल्या. "नागपुरात चालली नाही," म्हणाला आणि बाकीचा माल परत बांधायला घेतला. मी त्याला सगळं सांगितलं. घेणारी माणसं दारात उभी होती आणि दार बंद होतं. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, दोरीची गाठ मारत होता. "मॅडम, कारण कंपनी विचारत नाही. आकडा विचारते." इतका गुळगुळीत माणूस मी दुसरा बघितला नाही. मी त्याला काय बोलले ते अंकात छापता येणार नाही. भैयाजी मध्ये पडले आणि त्याला चहाला घेऊन गेले.

कौसल्याबाईला ते मीच सांगितलं. सांगायला इंदोऱ्याला गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. निवडता निवडता तिनं विचारलं, "मंग आठ गाण्याचं काय करू आता?"

तिनं ते टोमण्यानं विचारलं नाही. मला ठाऊक असेल असं समजून विचारलं. तो प्रश्न घेऊन मी परत आले आणि माझं कोणाशी धड बोलणं होईना. काउंटरवर एक प्राध्यापक त्या न फाडलेल्या प्लास्टिकवाल्या गवयाबद्दल मला 'अभिजात' म्हणजे काय ते समजावत होते. मी त्यांना म्हटलं, "आधी घरी जाऊन प्लास्टिक फाडा." ते महिनाभर दुकानात आले नाहीत. बरं झालं.

पुढच्या वर्षी भैयाजींचे गुडघे धरले आणि सकाळी दुकान उघडायचं काम माझ्याकडे आलं. किल्लीही आली. दसऱ्याच्या आधी मी त्यांना सरळ सांगितलं, "या वर्षी मी उघडणार आहे." ते म्हणाले, "विकणार काय? माल तर परत गेला." मी म्हटलं, नमुना आहे. "नमुना विकता येत नाही." मी म्हटलं, ठाऊक आहे. त्यांना वाटलं मी रागात बोलते आहे. ते गोंदियाला गेले.

मी सकाळीच शटर वर केलं. यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि ती छोटी रेकॉर्ड लावली. आतल्या स्पीकरचं बटण बंद केलं, बाहेरचं चालू केलं, आवाज पूर्ण वाढवला.

रस्त्यावरचा लोंढा एकदम थांबत नाही. आधी दोन बायका थांबल्या. मग त्यांच्या मागची पोरं. मग कोणीतरी म्हटलं, "हे तं आपलं गाणं होय." मग फुटपाथ भरला. शेजारचा कापडवाला धावत आला, "बाई, भैयाजीले माहीत आहे का?" मी म्हटलं, उद्या होईल. माणसं काउंटरवर यायला लागली. पायऱ्या चढून, आत. "भेटते का हे?" मी म्हणायची, नाही. "कोठी भेटते?" कुठेच नाही. मी शिक्का दाखवायची. एवढ्या माणसांना एका दिवसात नाही म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. प्रत्येक नाहीबरोबर माझा राग वाढत होता आणि तो कोणावर काढायचा ते समोर नव्हतं.

दुपारी गर्दीतून कौसल्याबाई आली. आवाज तिनं लांबूनच ओळखला असणार. या वेळी ती पायरीवर थांबली नाही. आत आली, यंत्राशी उभी राहिली आणि पहिल्यांदा स्वतःची रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या बाजूला ती जागा आली, तो मागे राहिलेला एकटा आवाज. ती वळून बरोबरच्या बाईला म्हणाली, "पाय वं शेवंता, तू तिथं बी उशिराच आली." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं आणि रडूही.

कोणीतरी पुन्हा विचारलं, "भेटते का हे?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "भेटत नाही. इथंच आयका." आणि दुकानाच्या पायरीवर बसली. तिचं बघून लोक बसले. फुटपाथवर, रस्त्याच्या कडेला, सायकली आडव्या घालून. एकदा संपली की आवाज यायचा, "लाव ना, माय, आखीन." मी लावायची. दुपारभर, संध्याकाळभर तेच. एक तुकडी उठायची, दीक्षाभूमीकडे जायची, दुसरी बसायची. बायका जेवणाची फडकी सोडून तिथेच जेवल्या. मलाही एकीनं भाकर दिली. शेवटी शेवटी पोरं आमच्या शेवंताच्या उशिरा येण्याची वाट बघायची आणि ती जागा आली की तिच्यासारखीच मागून धावत येत गायची.

दुकानातल्या यंत्राचं सुईचं डोकं वजनदार असतं. एकच रेकॉर्ड अशी दिवसभर चालवली की खाचा घासतात, काळ्या चकाकीवर राखाडी पडते. दिवे लागले तेव्हा ढोलक ऐकू येणं बंद झालं होतं, नुसती खरखर. आवाज मात्र अजून येत होता. लोक उठले नाहीत, म्हणून मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भैयाजी काठी टेकत आले. कापडवाल्यानं सांगितलंच होतं. त्यांनी आधी सगळ्या काचा बघितल्या. एकीला चरा नव्हता. मग यंत्रावरून ती रेकॉर्ड उचलली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. दोन्ही बाजू. बराच वेळ.

"कुमुदबाई," ते नेहमीसारखं हळूच म्हणाले, "ही तर पार घासून गेली. नमुना आहे, परत द्यायची असते. कंपनीच्या माणसाले काय सांगू मी आता?"

"सांगा, नागपूरनं ऐकली."